माझ्या औषधाची कुंडली

"नाना, तुम्हाला अणुभट्टीतलं औषध देतात म्हणे?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो. म्हणजे फोनवर फक्त पावसापाण्याचं बोलता येईल!

होय, देतात. म्हणजे दिलं. आजार प्रोस्टेटचा, मराठीत पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग. २०१८ साली कळला तेव्हाच तो हाडांत उतरला होता. आपल्याकडे पुरुषमंडळी याविषयी बोलत नाहीत. लघवीला त्रास होतो, "वयोमान" म्हणतात, कंबर दुखते, "वात" म्हणतात. असो. आजाराचं पुराण लावत नाही. मी पडलो इतिहासाचा मास्तर. औषध हातात आलं की ते कुठून आलं, कधी आलं, हे शोधल्याशिवाय मला गिळवत नाही.

या कुंडलीतलं पहिलं घर म्हणजे १९४१ साल. काय वर्ष आहे बघा! २८ फेब्रुवारीला मुंबईत परळला टाटा रुग्णालय सुरू झालं. मार्चमध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ या डॉक्टरने थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन पाजलं. थायरॉइडला आयोडीन हवंच असतं, तेव्हा विष त्यातूनच पाठवायचं. आणि त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर जगतो, ते तोडलं की तो मागे हटतो. तिकडे महायुद्ध पेटलेलं, आणि इकडे ही तीन बीजं पेरली जात होती. माझ्या उपचारात तिन्ही एकत्र आली.

हगिन्स यांचा उपाय साधा आणि क्रूर होता. वृषण काढून टाकायचे, नाहीतर स्त्रीसंप्रेरक द्यायचं. त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. स्त्रीसंप्रेरकाच्या गोळ्या स्वस्त होत्या, पण त्यांनी छाती वाढायची, रक्तात गुठळ्या व्हायच्या, हृदयावर ताण यायचा. पुढे मेंदूकडूनच हुकूम बंद करणारी इंजेक्शनं आली. त्यामागच्या शोधाचं नोबेल १९७७ चं. आजही डॉक्टर दोन्ही पर्याय सांगतात, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन किंवा एकदाच शस्त्रक्रिया. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या सिंधुदुर्गातल्या एका शेतकऱ्याने शस्त्रक्रिया निवडली. "तीन तीन महिन्यांनी मुंबईचं भाडं कोण देणार? आणि या वयात ते ठेवून करायचंय काय?" म्हणाला आणि हसला. मी इंजेक्शन घेतलं. मला पेन्शन आहे, त्याला नाही. एवढाच आमच्यातला फरक.

इंजेक्शननंतर अंगातून वाफा येतात. भर जानेवारीत पंखा लावून बसलो की आमच्या सौ. म्हणायच्या, "आता कळलं? मला पन्नाशीत झालं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता." यावर काय बोलणार!

संप्रेरक वृषणांखेरीज मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही थोडं बनवतात, आणि लबाड कर्करोग तर स्वतःसाठी घरीच बनवायला लागतो. ही चोरवाट बंद करणारी गोळी म्हणजे अबिराटेरॉन. ती लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत जन्मली आणि २०११ साली अमेरिकेत मंजूर झाली. मला ती २०२० पासून. नियम असा की रोज चार गोळ्या, उपाशीपोटी. कारण अन्नाबरोबर घेतली तर ती रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरते. मग शिकागोच्याच डॉक्टरांना प्रश्न पडला की तसं असेल तर एकच गोळी न्याहारीबरोबर का देऊ नये? ७२ रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिलं, २०१८ साली निष्कर्ष छापले. पीएसए उतरण्यात फरक दिसला नाही. औषध मात्र चौपट स्वस्त! ज्या देशात बहुतेकांना औषध खिशातून घ्यावं लागतं तिथे हे केवढं मोठं आहे. माझ्या डॉक्टरांनी विचार करून मला तसंच दिलं. (घरच्या घरी हा उद्योग कोणी करू नये.) त्यामुळे आमच्याकडे सकाळच्या पोह्यांना औषधाचा दर्जा आला.

पीएसए हा आमचा निकाल. अडतीस वर्षं मुलांचे गुण वाढावेत म्हणून घसा कोरडा केला, आणि आता आकडा उतरला की घरात पेढे. अडीच वर्षं उतरत होता. २०२२ च्या दिवाळीत चढायला लागला.

मग आलं ते अणुभट्टीचं औषध. या कर्करोगाच्या पेशींच्या अंगावर पीएसएमए नावाचं एक प्रथिन खच्चून असतं. ते १९८७ साली सापडलं. त्याला कुलूप म्हणा. जर्मनीत हायडेलबर्गला त्या कुलपाची नेमकी किल्ली बनवली गेली. किल्लीला आधी मंद दिवा बांधून पाठवतात, ते स्कॅन. माझ्या पाठीच्या मणक्यांवर, कमरेच्या हाडांवर दिवाळीसारखे ठिपके लागले होते. मग त्याच जातीच्या किल्लीला ल्युटेशियम-१७७ बांधायचं. पॅरिसच्या जुन्या लॅटिन नावावरून त्या मूलद्रव्याचं नाव पडलंय. त्याचे किरण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटर जातात. म्हणजे जिथे किल्ली लागली तिथेच मुख्य मारा.

आणि हे ल्युटेशियम बनतं कुठे? ट्रॉम्बेला, ध्रुव अणुभट्टीत! मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, माझं तिथलंच होतं. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं आणि १९६३ मध्ये परळलाच भाभा केंद्राचं किरणोत्सार वैद्यक केंद्र उभं राहिलं. तेव्हा पुष्कळांना वाटलं असेल, रुग्णालयाचं आणि अणूचं काय नातं? ध्रुव १९८५ ची. तिची ख्याती केवळ औषधांची नाही, प्लुटोनियमचीही आहे, हे इतिहासाच्या माणसाने लपवू नये. एकाच भट्टीतून दोन्ही निघतं.

आपल्या जिल्ह्यात हे बोलणं सोपं नाही. जैतापूरच्या प्रकल्पाला विरोध करणारे माझ्या नात्यात आहेत. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं, आणि एप्रिलमध्ये साखरी नाट्याला गोळीबारात एक जण गेला. तेव्हा मीही सभांना मागे उभा असायचो. राजापूरच्या मावसभावाला औषधाचं सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, "त्याचा आणि विजेच्या प्रकल्पाचा संबंध जोडू नकोस हां." मी म्हटलं, जोडत नाही. समुद्राची, मासेमारीची, जमिनीची त्याची काळजी माझ्या औषधामुळे खोटी ठरत नाही. पण "अणू" या शब्दाला मी आता पूर्वीसारखा दचकतही नाही.

दचकतात ते दुसरे. सलाइनसारखी अर्ध्या तासात औषध देणं संपतं, पण नंतर तुम्हीच थोडे दिवस किरण सोडता. वेगळी खोली. तुमची लघवीसुद्धा टाक्यांत साठवून, किरण मंदावल्यावरच सोडतात. परिचारिका दारातून बोलते. ल्युटेशियमचा जोर साधारण पावणेसात दिवसांनी निम्मा होतो, शिवाय बराचसा भाग लघवीतून आधीच जातो. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून काही दिवस लांब राहायचं. मी डोंबिवलीत भाच्याच्या रिकाम्या खोलीत आठवडाभर एकटा राहिलो. डबा दाराशी यायचा. धाकटी नात व्हिडिओवर म्हणाली, "आजोबा, तुम्ही अंधारात चमकता का?" दिवा मालवून बघितला. नाही चमकत.

त्रास म्हणाल तर तोंड कोरडं पडणं. ती किल्ली लाळग्रंथींनाही लागते. दुसरा डोस एप्रिलमधला. मे महिन्यात घरात हापूसची आढी लागलेली, आणि मला चव कापसाची. रत्नागिरीकराला याहून मोठी शिक्षा नाही.

आता आकडेवारी, कारण कोणी विचारत नाही आणि सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. ८३१ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. हे औषध मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य १५.३ महिने, न मिळालेल्यांचं ११.३. म्हणजे चार महिने. चारच? असं माझ्या मुलानेही विचारलं. मी त्याला मध्यक म्हणजे काय ते फळ्यावर समजावतो तसं समजावलं. निम्मे अलीकडे, निम्मे पलीकडे. मी त्या पंधरा महिन्यांच्या पलीकडे कधीच आलो. चार डोस झाले, पीएसए ८४ वरून ९ वर आला. गेल्या दोन तपासण्यांत ११, मग १४.

पुढचं स्कॅन गणपतीनंतर आहे. गणपतीला सगळ्यांनी यायचंय, सामानासाठी वरची खोली रिकामी करून ठेवली आहे. मुलांना घेऊन या, मी आता अजिबात किरणोत्सारी नाही.