साखरशाळेची देणगी आणि हक्काची लढाई

१२. ‘देणग्यांवर साखरशाळा चालली’ : अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात ऊसतोडीचे स्थलांतर दोन्ही दिशांनी होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची जोडपी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात, तर इथल्या कारखान्यांच्या गाळपासाठी बीडकडच्या टोळ्या येतात. सोबत आलेल्या मुलांच्या साखरशाळांना देणगीदार मिळाले. दप्तर, खिचडी, हजेरीपट दाखवता येतो. उचलीचा हिशेब, खाड्याची कपात, अपघाताची भरपाई यांसाठी भांडणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला मात्र पैसा देणारे विरळाच. गरज तर तिथेच मोठी. १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता : पाथर्डीहून मुकादमामार्फत कर्नाटकात गेलेली टोळी त्यात बसे, बीडहून संगमनेरला आलेली बसत नसे. त्यातच परदेशी देणगीच्या कायद्यात २०२०मध्ये दुरुस्ती झाली. अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातल्या छोट्या संघटनेपर्यंत पोहोचणारी परदेशी मदत त्यामुळे थांबली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले आहे. हा पैसा कामगारांच्या हक्काचा आहे. त्याची गणना दानात करू नये. साखरशाळा हवीच, पण आईबापांची मजुरी पुरी पदरात पडावी म्हणून वकिलाला दिलेला रुपयाही तितकाच सत्कारणी लागतो. – संपा.