आर्तव, अंडपेशी आणि मराठी वाचक

गर्भाशय, शुक्र, आर्तव हे शब्द सुश्रुतसंहितेपासून आपल्या परिचयाचे आहेत. शुक्र व आर्तव यांच्या संयोगाने गर्भ उत्पन्न होतो, हे प्राचीन मत होय. त्यात स्त्रीचा वाटा मान्य होता. परंतु तो मासिक स्रावाशी जोडलेला होता. सस्तन प्राण्याची अंडपेशी प्रत्यक्ष पाहून तिचे वर्णन फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये केले. तरीही ऋतुस्राव व अंडमोचन एकाच वेळी घडतात, असा समज युरोपीय वैद्यकातही दीर्घकाळ टिकला. पुढील ऋतुस्रावापूर्वी सुमारे चौदा दिवस अंडमोचन होते, हे ओगिनो व क्नाउस यांच्या संशोधनाने १९२० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले.

त्याच दशकात, जुलै १९२७ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. त्यांचे संततिनियमन केंद्र १९२१ पासूनच चालू होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तथापि दंड टळला नाही. मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे यांचे निधन होईपर्यंत चालले. शारीरविज्ञानाच्या इतिहासात शोधाच्या तारखेइतकीच, तो शोध मातृभाषेत उघडपणे सांगता येऊ लागल्याची तारीखही नोंदविली पाहिजे.