उंबऱ्यावरची शिंक

आमचं गाव कागल तालुक्यातलं. निपाणी जवळच, पण ती कर्नाटकात. हद्द कागदावर, तंबाखूचा वास दोन्हीकडं सारखाच. आई निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळायला जायची. दिवस मावळता घरी आली की तिला शिंकांची माळच लागायची. आठ, दहा, बारा... आम्ही पोरं मोजायचो आणि हसायचो.

शिंका का येतात ते पुढं शाळेत कळलं. नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरावर भुकटी बसली की तिथल्या नसा मेंदूला वर्दी देतात. छाती हवा भरून घेते, डोळे मिटतात आणि हवा जोरानं बाहेर पडते. भुकटी निघेस्तोवर हेच परत परत. आईच्या तर केसांत, लुगड्यात भुकटी असायची. पदर झटकला की नवी माळ सुरू.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसले. आमचे अण्णाही भाकरी बांधून जायचे. ६ एप्रिलला ते उंबऱ्यावर आले आणि आतून आई शिंकली.

"बस खाली! शिंक झाली. पाणी पी, मग जा," आजी कडाडली.

अण्णा चरफडत बसले. जोडीदार पुढं गेले. मागनं निघालेल्या अण्णांना वाटेतच बातमी कळली, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १२ शेतकरी गेले. आमचे जोडीदार रात्री सुखरूप परतले, पण गावात चूल पेटली नाही.

आजी मात्र मरेपर्यंत सांगत राहिली, "सुनेच्या शिंकेनं माझा ल्योक वाचवला."

आईला ते कधीच पटलं नाही. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी तर रोजच शिंकत हुते, आत्याबाई. आन् त्या बारा घरांत कुणी शिंकलंच न्हाई व्हय?"

आजी गप्प झाली.

त्याच सुमारास प्रा. सुभाष जोशींच्या पुढाकारानं निपाणीच्या तंबाखू कामगार बायका संघटित होत होत्या. मजुरीसाठी, रजेसाठी भांडत होत्या. आईही सभेला जाऊ लागली. पहिल्यांदा निघाली तेव्हा उंबऱ्यातच तिला शिंक आली. तिनं नाक पुसलं, आजीकडं बघितलं आणि चालू लागली.

आजीनं हाक मारली नाही.