लाल विंचवावरच्या गोळीची कुळकथा

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत लाकडाची मोळी उचलताना किंवा पेंढा ओढताना माणूस आधी खाली बघून घेतो. दगडाच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगात लाल विंचू दबा धरून असतो. काळ्या इंगळीपेक्षा तो अंगाने लहान, पण विषाने कितीतरी जहाल.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर यायचे ते ओकाऱ्या काढत, घामाने निथळत, हातपाय गार पडलेले. काहींच्या खोकल्यातून गुलाबी फेस येई. अशा गंभीर रुग्णांपैकी 30 टक्क्यांच्या आसपास दगावत. बावस्कर खाटेपाशी बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसांचा आवाज टिपत राहिले. 1982 मध्ये या लक्षणांवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला.

ही सगळी लक्षणे म्हणजे पेशींच्या आपसातल्या बोलण्यात माजलेला गोंधळ. एरवी मज्जापेशीतल्या सोडियमच्या वाटा क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि वाटा मिटतात. विंचवाचे विष त्या मिटू देत नाही. मज्जातंतूंच्या टोकांतून आणि अधिवृक्क ग्रंथींतून रसायनांचा लोंढा सुटतो. आधी ओकारी-घाम, मग अ‍ॅड्रिनलिनचा मारा. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायू आवळले जातात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते.

अ‍ॅड्रिनलिनचा निरोप झेलणारी ग्राहके दोन प्रकारची, अल्फा आणि बीटा, ही मांडणी अमेरिकेच्या रेमंड आल्क्विस्ट यांनी 1948 मध्ये केली होती. रक्तवाहिन्या आवळतात त्या अल्फामुळे. ती अडवणारी प्राझोसिनची गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच.

बावस्करांनी तीच विंचूदंशावर आणली. विष अंगात राहिले तरी चालेल, त्याचा हुकूम स्नायूपर्यंत पोचता कामा नये, असा तो डाव होता. हातपाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठरावीक तासांनी गोळी द्यायची. पहिल्या डोसानंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू द्यायचे नाही. 1986 मध्ये हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. मृत्यूचे प्रमाण पुढे तीन टक्क्यांच्याही खाली आले.

2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडचीच चाचणी छापून आली. 70 रुग्णांपैकी ज्यांना गोळीच्या जोडीला विंचूदंशाची प्रतिलसही मिळाली, ते नुसत्या गोळीवरच्या रुग्णांपेक्षा लवकर बरे झाले. प्रतिलस रक्तातले विष निकामी करते, तर सुटलेल्या अ‍ॅड्रिनलिनला प्राझोसिन थोपवते.