तेरा सेकंदांचा पुरावा

मिश्र मार्शल आर्ट्सच्या चाहत्यापुढे जोझे आल्दोचे नाव काढा, तो बहुधा एकच आकडा सांगेल: तेरा. १२ डिसेंबर २०१५ला लास व्हेगासमध्ये यूएफसी या संघटनेच्या ‘यूएफसी १९४’ कार्यक्रमाची मुख्य लढत सुरू झाली आणि तेराव्या सेकंदाला संपली. आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरचा डावा ठोसा बसला आणि दहा वर्षे एकही लढत न हरलेला ब्राझीलचा विजेता जमिनीवर पडला. यूएफसीत विजेतेपदाचा निकाल तोवर इतक्या लवकर कधी लागला नव्हता.

त्या तेरा सेकंदांवर पुढे एक अख्खे मत उभे राहिले. खंडन करायचे तर पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपली जुनी शिस्त आहे, म्हणून आधी तेच मत मांडतो. आल्दो ज्या ६६ किलोंच्या गटात राज्य करत होता, तो गट त्या काळात विरळ होता. त्यात त्याच्या तोडीचे फारसे कोणी नव्हते, आणि खरा ताकदीचा गडी समोर येताच त्याची पातळी उघडी पडली. मॅकग्रेगरने महिनोन्महिने जिभेने केलेल्या माऱ्याने त्याचे मन आधीच मोडले होते. त्या रात्रीनंतरची दहा वर्षे म्हणजे नुसती उतरण, आणि त्याने वेळीच थांबायला हवे होते. हे मत अडाण्यांचे नाही. खेळ बारकाईने पाहणारे जाणकारही ते मांडतात, म्हणूनच त्याला उत्तर देण्यात अर्थ आहे.

पहिली अडचण तर्काची आहे. ‘त्याच्या कसबाची पातळी उघडी पडली’ आणि ‘त्याचे मन मोडले होते’ ही दोन्ही विधाने एकाच तेरा सेकंदांतून एकाच वेळी काढता येत नाहीत. मन मोडल्यामुळे तो आपली रीत सोडून लढला असेल, तर त्या रीतीची त्या रात्री परीक्षाच झाली नाही. परीक्षा झाली आणि रीत नापास झाली असे म्हणायचे असेल, तर मन मोडल्याचा सिद्धान्त फुकट जातो. टीकाकारांनी दोहोंपैकी एक निवडावे.

मला विचाराल तर मी दुसरे विधान मान्य करतो. मार्च २०१५मध्ये यूएफसीने लढतीच्या जाहिरातीसाठी दोघांना गावोगाव फिरवले. दौरा रिओत सुरू झाला आणि डब्लिनमध्ये संपला. डब्लिनच्या व्यासपीठावर मॅकग्रेगरने आल्दोसमोरचा विजेतेपदाचा पट्टा हिसकावून उंच धरला. जुलैत ठरलेली लढत आल्दोच्या बरगडीच्या दुखापतीने पुढे गेली आणि त्या अपमानाचा राग आणखी पाच महिने शिजत राहिला. विजेता झाल्यापासून आल्दोची रीत अगदी वेगळी होती. पहिल्या फेरीत तो अंतर मोजायचा, पुढच्या हाताने टोचायचा, मांडीवर एखादी लाथ घालून समोरच्याची प्रतिक्रिया पाहायचा आणि मग हळूहळू फास आवळायचा. त्या रात्री मात्र पहिल्या घासालाच तो उजवा आणि पाठोपाठ डावा ठोसा टाकत आत घुसला. मॅकग्रेगरने अर्धे पाऊल मागे घेत डावा हात सोडला. आल्दोचा डावा ठोसाही त्याच्या तोंडावर लागला होता, पण क्षणभर उशिरा.

आल्दोचे कैवारी याला ‘नशिबाचा ठोसा’ म्हणतात. तेही मला पटत नाही. मागे सरकत डावा हात सोडणे हा मॅकग्रेगरचा घोटून घोटून पक्का केलेला डाव होता, आणि प्रतिस्पर्ध्याला त्या सापळ्यात येण्याइतके चिडवणे हाही त्या डावाचाच भाग होता. विजय त्याचा, निर्विवाद. वाद आहे तो त्या विजयातून काय सिद्ध होते याचा.

तेरा सेकंदांत पडणारा माणूस मुळातच पोकळ असतो असा नियम धरला, तर अतिप्रसंग ओढवतो. जून २००९मध्ये, डब्ल्यूईसी या संघटनेत असताना, खुद्द आल्दोनेच कब स्वॉन्सनला हवेत उडी घेऊन दोन्ही गुडघ्यांच्या तडाख्यात आठ सेकंदांत संपवले होते. तेराहून आठ कमी. मग स्वॉन्सन आणखी पोकळ ठरायला हवा होता. प्रत्यक्षात तो पुढची कित्येक वर्षे त्याच गटातल्या आघाडीच्या लढवय्यांत गणला गेला आणि २०२४मध्येही यूएफसीच्या पिंजऱ्यात उभा होता. दुसरे उदाहरण मोठे आहे. २००७मध्ये कॅनडाच्या जॉर्ज सें-पिएरला मॅट सेराने पहिल्याच फेरीत लोळवले, तेव्हा त्याहून मोठा उलटफेर या खेळाने पाहिला नव्हता. आज सें-पिएरला पोकळ म्हणायला कोणी धजत नाही. कारण साधे आहे: वर्षभराने त्याला सेराशी पुन्हा लढायला मिळाले आणि त्याने हिशेब चुकता केला.

आल्दोला ही संधी कधीच मिळाली नाही. आपल्याकडच्या फडातही नामांकित मल्ल चितपट झाला की लोक पुढच्या मैदानात तीच जोड मागतात. मॅकग्रेगर मात्र मार्च २०१६मध्ये वरच्या वजनात नेट डायझशी लढायला गेला आणि हरला, ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच्याशीच लढून जिंकला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला एडी अल्वारेझला हरवून ७० किलोंच्या गटाचा विजेता झाला. आल्दोकडून जिंकलेला पट्टा त्याने एकदाही पणाला लावला नाही. तो शेवटी काढून घेण्यात आला आणि आल्दोकडेच परत गेला, कारण मधल्या काळात, जुलै २०१६मध्ये, फ्रँकी एडगरला हरवून आल्दोने हंगामी विजेतेपद मिळवले होते. दुसरी लढत मिळत नाही आणि मोबदलाही नीट मिळत नाही, म्हणून त्या सप्टेंबरात त्याने यूएफसीकडे करारातून मोकळे करण्याची उघड मागणी केली होती. तेव्हा अनेकांनी त्याला रडका म्हटले. मला ती त्याची सर्वांत सरळ मागणी वाटते.

आता ‘विरळ गट’. आल्दो १९८६चा, अमेझॉनच्या काठावरच्या मानाउसचा. चेहऱ्यावरचा व्रण तान्हेपणी तापलेल्या शेगडीवर पडल्याचा. फुटबॉलपटू व्हायचे स्वप्न होते. सतरा-अठराव्या वर्षी तो रिओत आंद्रे पेदेर्नेरासच्या नोव्हा उनियाओ तालमीत आला आणि काही काळ तालमीतच झोपला. ब्राझीलमध्ये आयुष्याच्या या भागावर २०१६मध्ये चित्रपटही निघाला, त्यामुळे तो इथे लांबवत नाही. २००५मध्ये ल्युसियानो अझेवेदोने मागून गळा आवळून त्याला हरवले. त्यानंतर दहा वर्षांत सलग अठरा विजय.

त्या काळात यूएफसीत ७० किलोंखालच्या गटांना जागाच नव्हती. हलके लढवय्ये डब्ल्यूईसीत लढायचे. तिथे माइक ब्राउनने गटाचा लाडका नायक युरायह फेबर याला दोनदा हरवले होते. त्या ब्राउनला आल्दोने नोव्हेंबर २००९मध्ये दुसऱ्या फेरीत थांबवून पट्टा घेतला. पाच महिन्यांनी फेबरच्याच गावी, सॅक्रामेंटोत, त्याच्याच लोकांसमोर पाच फेऱ्या आल्दोने त्याच्या पुढच्या मांडीवर लाथा घातल्या. त्या मांडीचे नंतरचे काळेनिळे फोटो आजही पाहवत नाहीत. खालच्या लाथेला तोवर कित्येक जण अंतर राखायचे साधन समजत. ती एकटीच लढत जिंकून देऊ शकते, हे त्या रात्री कळले. २०१० संपता संपता डब्ल्यूईसी यूएफसीत विलीन झाली आणि या वजनाचा पहिला यूएफसी पट्टा आल्दोला मिळाला. म्हणजे ज्या गटाला विरळ म्हणायचे, तो यूएफसीत उभा राहिला तो मुख्यतः त्याच्या आणि फेबरच्या लढतींच्या जोरावर.

पट्टा मिळाल्यावर कोण आले? मार्क हॉमिनिक, केनी फ्लोरियन, रिकार्डो लामास आणि कोरियाचा जुंग चान-सुंग. पण कसोटी पाहायची तर दोन नावे पुरेत: एडगर आणि चॅड मेंडेस. एडगर वरच्या ७० किलोंच्या गटाचा माजी विजेता. आल्दोने त्याला फेब्रुवारी २०१३मध्ये हरवले. त्यानंतर एडगरने सलग पाच लढती जिंकल्या, त्यांत फेबरही पडला आणि मेंडेसही. मग पुन्हा आल्दो आला आणि पुन्हा हरवून गेला. मेंडेस कॉलेजच्या आखाड्यातला, पट काढण्यात तरबेज. जानेवारी २०१२मध्ये रिओत तो आला तेव्हा एकही लढत हरला नव्हता. पहिल्या फेरीचा अवघा एक सेकंद उरला असताना आल्दोच्या गुडघ्याने तो कोसळला आणि आल्दो पिंजऱ्याबाहेर उडी मारून थेट प्रेक्षकांत शिरला. त्याआधी मेंडेसने मागून कंबर धरली असता आल्दोने जाळी पकडली होती आणि ते नियमाविरुद्ध होते, हेही सांगायला हवे. मॅकग्रेगरशी गाठ पडेपर्यंत मेंडेसला आल्दोखेरीज कोणीही हरवू शकले नव्हते. अशा माणसांना दोन-दोनदा परतवणाऱ्याला विरळ गटाचा राजा म्हणायचे असेल, तर गर्दीचा गट कसा असतो ते कोणीतरी दाखवावे.

त्याच्या लढाईत दोष नव्हता असे मी म्हणत नाही. शेवटच्या फेऱ्यांत त्याचा दम उतरे. टोरंटोत हॉमिनिकच्या कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ आणूनही पाचव्या फेरीत आल्दोच खालून मार खात होता. आघाडी मिळाली की तो ती जपत बसे आणि त्यामुळे काही लढती कंटाळवाण्या झाल्या. लामासविरुद्धची तर मी दुसऱ्यांदा पाहणार नाही. पण फेबर, हॉमिनिक, फ्लोरियन, एडगर, लामास, मेंडेस आणि पुन्हा एडगर, अशा सात पट्ट्याच्या लढती पूर्ण पाच फेऱ्या चालल्या आणि सातही त्याने जिंकल्या. ही १७५ मिनिटे झाली. कसबाचा निवाडा करायचा तर साक्ष इथे आहे. ती ऐकायला वेळ लागतो आणि तेरा सेकंदांची चित्रफीत चहा गार होण्याआधी चार वेळा पाहून होते. लोकमत असे का बनले याचे निम्मे उत्तर मला तरी इथेच दिसते.

राहिला तिसरा आक्षेप, उतरणीचा. २०१७मध्ये मॅक्स हॉलोवेने त्याला सहा महिन्यांत दोनदा तिसऱ्या फेरीत थांबवले, आणि इथे टीकाकारांचे पारडे खरोखर जड आहे. पहिल्या दोन फेऱ्यांत उत्तम लढणारा आल्दो हॉलोवेच्या वेगापुढे विरघळला, आणि तेही पहिल्यांदा रिओत, आपल्याच लोकांसमोर. त्यानंतर मात्र पराभवांची यादी नुसती मोजू नये, वाचावी. अलेक्झांडर वोल्कानोव्स्की, मार्लन मोराएस, पेत्र यान, मेराब द्वालिश्विली. मोराएसचा निकाल पंचांत फूट पडून लागला आणि तो चुकीचा होता असे मानणारे पुष्कळ आहेत. बाकी तिघे यूएफसीचे विजेते झाले. द्वालिश्विलीने ऑगस्ट २०२२मध्ये आल्दोला खाली पाडण्याचे सोळा प्रयत्न केले आणि सोळाही फसले. आल्दो तेव्हा पस्तिशीत होता. लढत तो हरला, कारण त्याने स्वतः फारसा मारा केला नाही. पण पट काढणाऱ्याला उभ्या उभ्या निष्फळ करण्याची त्याची विद्या शाबूत होती.

त्याआधी काय झाले ते टीकाकार सोडून देतात. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्याने आणखी साडेचार किलो उतरवून ६१ किलोंचा गट धरला. सगळे म्हणाले, वजन उतरवण्यातच मरेल. २०२० आणि २०२१मध्ये त्याने मार्लन वेरा, पेद्रो मुन्योझ आणि रॉब फॉन्ट यांना ओळीने हरवले. लाथा कमी झाल्या होत्या, त्यांची जागा पोटात मारलेल्या डाव्या ठोशाने घेतली होती. उतरणीवरचा माणूस जुनेच शस्त्र बोथट होईपर्यंत चालवतो. आल्दो नवे शिकला आणि शिकलेले वापरून वरच्या क्रमांकाच्या प्रतिस्पर्ध्यांना हरवले. याला उतरण म्हणता येत नाही.

२०२२मध्ये तो निवृत्त झाला, मुष्टियुद्धात थोडा रमला आणि २०२३मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. मे २०२४मध्ये रिओत परत येऊन त्याने जोनाथन मार्टिनेझला हरवले, पण पुढच्या दोन लढती गमावल्या. मे २०२५मध्ये मॉन्ट्रियलला पिंजऱ्यातच हातमोजे काढून ठेवले. हिशेब ३२ विजय, १० पराभवांचा. हे शेवटचे परतणे टळले असते तर बरे झाले असते, इतके टीकाकारांना मी द्यायला तयार आहे. त्याहून जास्त नाही.

ज्यांना हे अजूनही पटत नाही त्यांना एकच विनंती. २५ ऑक्टोबर २०१४ची, रिओतली मेंडेसविरुद्धची दुसरी लढत पंचवीसच्या पंचवीस मिनिटे पाहा. पहिल्या फेरीत आल्दो खाली जातो, घंटा झाल्यावरही ठोसे मारण्याची चूक करतो, तिसऱ्या फेरीत पुन्हा हादरतो आणि तरीही तिन्ही पंच ४९-४६ असा त्याच्याच बाजूने निकाल देतात. ती पाहून झाल्यावर त्याला पोकळ म्हणावेसे वाटले, तर खुशाल म्हणा.