होतकरूंची पारख

हॉकी म्हटली कीं आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढें ध्यानचंद आणि गवताचें मैदान उभें राहतें. कॅनडांत त्या शब्दाचा अर्थ अगदीं निराळा आहे. तेथें मैदान बर्फाचें, पायांत पोलादी पात्यांचे बूट, आणि चेंडूच्या जागीं रबराची जाड चकती. खेळ इतका वेगवान कीं चकती कोठें आहे हें नवख्या प्रेक्षकास कळण्यापूर्वींच पुष्कळदां गोल होऊन गेलेला असतो. या खेळांतील सर्वांत जुना व सर्वांत यशस्वी धंदेवाईक संघ म्हणजे मॉन्ट्रियल शहराचा ‘कॅनेडियन्स’ हा होय. तो १९०९ सालीं निघाला. म्हणजे ज्या नॅशनल हॉकी लीगमध्यें तो खेळतो तिच्याहूनहि तो आठ वर्षांनीं वडील आहे. स्टॅन्ली चषक त्यानें चोवीस वेळां जिंकला. चोविसावा १९९३ सालीं.

अशा संघाच्या चाहत्याला एक नव्हे, दोन संघ असतात. एक आज बर्फावर उतरणारा, व दुसरा उद्यां उतरणार असलेला. दुसऱ्या संघांतील खेळाडू सतरा-अठरा वर्षांचे, कोठें तरी दूरच्या गांवीं खेळणारे, आणि चाहत्यांपैकीं बहुतेकांनीं प्रत्यक्ष न पाहिलेले. पण मतें देण्यास ही अडचण कधींच आड येत नाहीं. ‘अमका उंच आहे पण आळशी आहे’, ‘तमका बुटका आहे पण त्याच्या हातांत जादू आहे’, अशीं प्रमाणपत्रें धडाधड दिलीं जातात. आपल्याकडे क्रिकेटचा संघ निवडला जातो तेव्हां कट्ट्याकट्ट्यावर जी निवडसमिति भरते, तिचीच ही उत्तरेकडील शाखा समजावी. मीहि त्या संघाचा दुरून चाहता असल्यानें हा दोष दुसऱ्याच्या पदरीं टाकून मोकळा होऊं इच्छीत नाहीं. मात्र हीं मतें कशीं बनतात, तीं इतिहास म्हणून कशीं रूढ होतात, आणि त्यांचें ओझें शेवटीं कोणाच्या खांद्यावर येतें, हें एका उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे. तें उदाहरण १९८० सालचें आहे. परंतु तें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

जुन्या काळीं होतकरू मुलांची निवड होत नसे, खरेदी होत असे. लीगमधील सहा संघ देशभर तरुणांचीं पथकें पोशीत, व त्यांतील मुलांकडून एका छापील फॉर्मवर सही घेत. ‘सी फॉर्म’ या नांवानें तो प्रसिद्ध होता. त्यावर सही झाली कीं त्या मुलाच्या धंदेवाईक खेळावर त्या संघाची मालकी बसे. मुलगा अल्पवयी असल्यामुळें बापाचीहि सही लागे. पुढें या खेळांत अद्वितीय ठरलेला बॉबी ऑर याला बोस्टनच्या संघानें १९६२ सालीं असेंच बांधून घेतलें, तेव्हां त्याचें वय अवघें चौदा होतें. चौदाव्या वर्षीं आपल्याकडील मुलगा कोणत्या शाळेंत जावें हेंहि स्वतः ठरवीत नाहीं.

ज्याला या फॉर्मवर सही करावयाची नसे त्याच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न क्वचितच उद्भवे. ज्याँ बेलिव्हो या उंचपुऱ्या तरुणानें तो उपस्थित केला. धंदेवाईक झालास तर आमच्याचकडे, इतकेंच वचन त्याच्याकडून मॉन्ट्रियलनें मिळविलें होतें. पण तो क्युबेक शहरांतील एका हौशी म्हणविणाऱ्या संघाकडून सुखानें खेळत राहिला, आणि तेथें त्याला उत्तम वेतनहि मिळत होतें. १९५२-५३ च्या मोसमांत मॉन्ट्रियलकडून चाचणीदाखल तीन सामने खेळून त्यानें पांच गोल केले, व पुन्हा आपल्या घरीं परतला. तेव्हां मॉन्ट्रियलच्या चालकांनीं जी युक्ति केली तिला इतिहासांत जोड सांपडणें कठीण. तो ज्या लीगमध्यें खेळत होता ती सबंध लीगच त्यांनीं विकत घेतली व तिला धंदेवाईक करून टाकलें. बेलिव्हो आपोआप धंदेवाईक झाला, आणि १९५३ च्या ऑक्टोबरांत करारावर त्याची सही झाली. एक मासा हवा म्हणून तळें विकत घेणें तें हेंच!

या प्रेमाला केवळ खेळाचें कारण नव्हतें. मॉन्ट्रियल हें फ्रेंच बोलणाऱ्यांचें शहर. आणि त्या काळीं तेथील कारखाने, पेढ्या व हुकुमत इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातीं होती. संघ तेवढा आपला, अशी फ्रेंच भाषिकांची भावना असे. १९५५ च्या मार्चमध्यें लीगच्या इंग्रज अध्यक्षानें मॉरिस रिशार याला मोसमाच्या उरलेल्या सामन्यांतून बाद केलें, तेव्हां शहरांत दंगल उसळली व दुकानांच्या कांचा फुटल्या. भाषेचा अभिमान दुखावला म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रीय वाचकास समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

मुलें बांधून घेण्याची ही रीत बंद करण्याचें पहिलें पाऊल १९६३ सालीं पडलें. त्या वर्षीं ५ जून रोजीं मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलांत सहा संघांचे चालक बसले आणि जीं मुलें अद्याप कोणाच्याच हातीं लागलेलीं नव्हतीं त्यांची क्रमाक्रमानें वांटणी करण्यांत आली. हाच पहिला ‘ड्राफ्ट’. एकंदर एकवीस नांवें उच्चारलीं गेलीं; पहिलें गॅरी मोनहन या सोळा वर्षांच्या मुलाचें, व तें मॉन्ट्रियलनें उच्चारलें. १९६९ पासून जुनी मालकी सर्वस्वीं संपून सगळेच तरुण या वांटणींत येऊं लागले. दुर्बळ संघास आधीं निवडूं द्यावें, म्हणजे हळूहळू सर्व संघ सारखे होतील, हें तिच्यामागील तत्त्व. फ्रेंच मुलांवर मॉन्ट्रियलचा पहिला हक्क होता व म्हणूनच तो संघ जिंके, अशी एक आख्यायिका इतर शहरांतील चाहते अजूनहि सांगतात. तसा नियम कांहीं वर्षें होता हें खरें. पण जोंपर्यंत तो होता तोंपर्यंत चांगलीं मुलें आधींच फॉर्मवर सह्या करून बसलेलीं असत, आणि १९६९ सालीं सगळीं मुलें मोकळीं झालीं त्याच वर्षानंतर नियमहि गेला. त्या एका वर्षीं मात्र मॉन्ट्रियलनें रेजीन हूल व मार्क टार्डिफ हे दोन फ्रेंच तरुण त्याच्या जोरावर उचलले.

नियम गेला तरी व्यवस्थापक सॅम पोलॉक यांची बुद्धि गेली नव्हती. १९७१ सालीं गी लाफ्लर नांवाचा फ्रेंच मुलगा वांटणीस येणार, हें ते ओळखून होते. त्यांनीं एक वर्ष आधींच कॅलिफोर्नियाच्या दुबळ्या संघाशीं अदलाबदल करून त्याची १९७१ ची पहिली निवड स्वतःकडे घेतली. पुढें लॉस एंजेलिसचा संघ त्याहूनहि खालीं जाणार असा रंग दिसूं लागला, तेव्हां १९७१ च्या जानेवारींत राल्फ बॅकस्ट्रॉम हा आपला कसलेला खेळाडू त्यांनीं लॉस एंजेलिसला देऊन टाकला. बॅकस्ट्रॉमला स्वतःलाच पश्चिमेकडे जावयाचें होतें, हें येथें सांगितलें पाहिजे; पण लॉस एंजेलिस वर चढलें, कॅलिफोर्निया तळाशीं राहिलें, आणि लाफ्लर मॉन्ट्रियलला आला.

मग चाहत्यांचें काय झालें? लाफ्लरनें पहिल्या तीन मोसमांत अनुक्रमें २९, २८ व २१ गोल केले. दुसऱ्या एखाद्या तरुणाचें यावर कौतुक झालें असतें. पण बेलिव्हो नुकताच निवृत्त झाला होता, आणि लोकांना त्याच्या जागीं दुसरा बेलिव्हो लगेच हवा होता. त्याच वांटणींत दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या मार्सेल डिऑनकडे बोट दाखवून ‘हा घ्यावयास हवा होता’ असें म्हणणारे निघाले. चौथ्या मोसमांत लाफ्लरनें ५३ गोल केले, सलग सहा मोसम पन्नासांचा आंकडा गांठला, व १९७६ ते १९७९ असे ओळीनें चार चषक संघास मिळवून देण्यांत पुढाकार घेतला. डिऑनहि मोठाच खेळाडू झाला. परंतु मॉन्ट्रियलमध्यें त्याचें नांव मग कोणी काढीना.

आतां १९८० कडे वळूं. त्या वसंतांत मिनेसोटाच्या संघानें मॉन्ट्रियलची चषकांची मालिका तोडली होती. पोलॉक जाऊन आयर्व्हिंग ग्रंडमन हे व्यवस्थापक झाले होते. झाक लमेर हा उत्तम सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, वर्षापूर्वीं संघ सोडून गेल्यामुळें ती जागा रिकामी वाटत होती. जुन्या एका अदलाबदलींत कोलोरॅडोची पहिली निवड हातीं आली असल्यानें सर्व तरुणांतून हवा तो उचलण्याची मोकळीक संघास होती. त्यांतच ११ जूनची ती वांटणी प्रथमच सर्वांस खुली करून मॉन्ट्रियलच्या फोरम या क्रीडागृहांत भरविण्यांत आली, आणि सुमारें अडीच हजार लोक ती पाहण्यास आले. आजवर बंद दाराआड होणारी गोष्ट प्रथम चाहत्यांच्या डोळ्यांदेखत घडणार होती.

नांवें दोन होतीं, व दोघेहि सेंटर. डेनी सावार हा मॉन्ट्रियलच्याच व्हर्डन भागांत वाढलेला, शहराच्याच तरुण संघाकडून खेळणारा. पांच फूट दहा इंचांचा, पण बर्फावर गिरकी घेऊन समोरच्यास फसविण्यांत तरबेज. त्या मोसमांत त्यानें ६३ गोल केले व सहकाऱ्यांना ११८ गोलांस साहाय्य केलें. या खेळांत दोहोंची बेरीज ‘गुण’ म्हणून मोजतात, ती १८१ झाली. त्याच्या बाजूस खेळणारे दोघे जण डेनी याच नांवाचे, त्याच वस्तींतले, व तिघांचाहि जन्म एकाच दिवशींचा, ४ फेब्रुवारी १९६१ चा! अशी गोष्ट कादंबरींत घातली तर टीकाकार ‘अस्वाभाविक’ म्हणून लाल रेघ मारतील. दुसरा डग विकनहायझर, पश्चिमेकडील रिजायना गांवचा, सहा फूट एक इंच उंच, इंग्रजी बोलणारा. त्यानें ८९ गोल व १७० गुण मिळविले होते, आणि कॅनडाच्या सर्व तरुण खेळाडूंत श्रेष्ठ म्हणून त्या वर्षींचा मान त्यालाच मिळाला होता. लीगच्या पारख्यांच्या यादींतहि तोच अग्रभागीं होता. शहरांतील पुष्कळांना सावार हवा होता. ग्रंडमन यांनीं विकनहायझर घेतला. तिसऱ्या क्रमांकावर सावार शिकागोस गेला.

पहिल्या मोसमांत सावारनें ७६ सामन्यांत २८ गोल व ७५ गुण केले. विकनहायझरला ऐंशीपैकीं अवघ्या ४१ सामन्यांत उतरविण्यांत आलें. त्यानें ७ गोल केले. झालें, निकाल लागला. त्यानंतर तो बर्फावर आला कीं लोकांस तो दिसत नसे, न घेतलेला सावार दिसे. तिसऱ्या मोसमांत त्यानें २५ गोल केले, ही एरवीं वाईट कामगिरी नव्हे. पण तुलनेच्या तराजूंत ती काय टिकणार? १९८३ च्या वसंतांत ग्रंडमन यांना जावें लागलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विकनहायझरला सेंट लुईसच्या संघाकडे धाडण्यांत आलें.

सावार अधिक मोठा खेळाडू होता, याविषयीं वाद नाहीं. त्यानें कारकीर्दींत ४७३ गोल व १३३८ गुण केले. विकनहायझरचे गोल १११ व गुण २७६. सबब निवड चुकली, हें कबूल. परंतु मॉन्ट्रियलच्या स्मृतींत दोन निरनिराळ्या गोष्टी एकांत एक मिसळून गेल्या आहेत, त्या सोडविल्या पाहिजेत. निवड चुकली ती सर्व पारख्यांच्या बरोबरीनें चुकली. त्याच दिवशीं फिनलंडचा यारी कुरी ६९ व्या क्रमांकावर एडमंटननें घेतला, आणि पुढें ६०१ गोल करून तो सावारच्याहि वर गेला. तो मायदेश सोडणार नाहीं, असा बहुतेकांचा समज होता. एकवीसहि संघांनीं त्याला पुनः पुन्हां ओलांडलें, त्यांत खुद्द एडमंटनहि आलें; त्याबद्दल कोणीं कोणास दूषण देत नाहीं, कारण तो कोणाच्या शेजारचा मुलगा नव्हता. शिवाय क्रेग लडविग व माइक मॅक्फी हे मॉन्ट्रियलनें त्याच दिवशीं खालच्या क्रमांकांवर निवडले, व १९८६ च्या चषकविजयांत ते दोघे होते. त्या दिवसाची गोष्ट सांगतांना हीं नांवें कोणी घेत नाहीं.

दुसरी गोष्ट निवडीनंतरच्या वागणुकीची. लाफ्लरलाहि लोक बोलले, पण त्याला रोज खेळावयास मिळालें. एकोणीस वर्षांच्या विकनहायझरला अर्धा मोसम बाहेर बसून शिकावें लागलें. शिकण्याची ही पद्धति त्या विजयी संघाची जुनी होती, व इतरांच्या बाबतींत ती फळलीहि होती, असें तिचे कैवारी म्हणतील. पण सर्व देशांत पहिला म्हणून जाहीर केलेल्या मुलास बाहेर बसविलें, तर पाहणारे त्यास शिष्य समजत नाहींत, नापास समजतात. माझ्या मतें संघाची खरी चूक ही होय. आणि ती झांकण्यास निवडीची चूक सोयीची पडली. फ्रेंच चाहत्यांचा राग मी समजूं शकतों. आपल्या गल्लींतला मुलगा डोळ्यांदेखत परक्या संघास गेला, ही सल साधी नव्हे. पण ती निवड ज्यानें केली तो वेगळा, आणि तिच्यामुळें ज्याची हुर्यो झाली तो वेगळा.

सेंट लुईसला तो मोकळा झाला. १९८५ सालीं संघातील मंडळींच्या थट्टामस्करीच्या एका रात्रीं मोटारीच्या अपघातांत त्याचा गुडघा पार निकामी झाला होता. तो पुन्हां उभा राहिला. १२ मे १९८६ रोजीं कॅल्गरीविरुद्धच्या सामन्यांत त्याचा संघ शेवटच्या भागांत ५-२ असा मागें होता. त्यानें बरोबरी गांठली, आणि जादा वेळेंत विजयाचा गोल विकनहायझरनें केला. त्या शहरांत तो सामना अजून सणासारखा आठवतात. १९९९ च्या जानेवारींत कर्करोगानें तो वारला तेव्हां त्याचें वय सदतीस होतें. त्याच्या पाठीवरील १४ या आंकड्याचें नांव सेंट लुईसच्या संघानें आपल्या धर्मादाय निधीस दिलें. सावार १९९० सालीं मॉन्ट्रियलला आला, व १९९३ च्या चषकाचा वांटेकरी झाला. दहा वर्षें उशिरानें कां होईना, चाहत्यांची मागणी पुरी झाली.

बेचाळीस वर्षांनीं, ७ जुलै २०२२ रोजीं, पहिल्या निवडीचा मान पुन्हां मॉन्ट्रियलकडे होता, व वांटणी पुन्हां त्याच शहरांत होती. शेन राइट या ओंटारिओच्या मुलाचें नांव वर्षभर सर्वांच्या तोंडीं होतें. संघानें युराय स्लाफकोव्हस्की हा स्लोव्हाकियाचा दांडगा तरुण घेतला; राइट चौथ्या क्रमांकापर्यंत घसरून सिॲटलला गेला. स्लाफकोव्हस्कीनें दुखापतीपूर्वीं ३९ सामन्यांत ४ गोल केले, आणि जुनें भूत पुन्हां उठलें; विकनहायझरचें नांवहि निघालें. या वेळीं मात्र चालकांनीं त्याला खेळवीतच ठेवलें. पुढच्या मोसमांत त्याचे गोल २० व गुण ५० झाले. त्याच वांटणीच्या दुसऱ्या दिवशीं ६२ व्या क्रमांकावर लेन हटसन या ठेंगण्या बचावपटूचें नांव वाचलें गेलें होतें. २०२५ सालीं लीगमधील सर्वोत्तम नवोदिताचें पारितोषिक त्याला मिळालें.