आगबोटीचे मजले आणि वर जाणारी वाट

इतिहासावर बोलायला उभ्या राहिलेल्या वक्त्याने गडकोट, लढाया आणि तह यांविषयी बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. आज ती रीत थोडी बाजूला ठेवून आपण एका जिन्याचा इतिहास पाहणार आहोत. हा जिना कोणत्याही राजवाड्यातला नाही. तो आगबोटीतला आहे. आणि तो कोणाला सापडला व कोणाला सापडला नाही, या एका प्रश्नावर शेकडो माणसांचे जीवनमरण अवलंबून राहिलेले आहे.

‘डेक’ हा शब्द आपल्याला परका नाही. कोकणच्या किनाऱ्याने आगबोटी धावत होत्या, त्या काळी डेकाचे तिकीट म्हणजे काय हे मुंबईपासून गोव्यापर्यंत लहान पोरालाही ठाऊक असे. डेक म्हणजे जहाजाचा मजला. परंतु घराचा मजला आणि जहाजाचा मजला यांत एक मोठा फरक आहे. घरातला माणूस संकटकाळी खाली धावतो, कारण जमीन खाली असते. जहाजातल्या माणसाला वर धावावे लागते, कारण होड्या वर असतात. जन्मभर अंगवळणी पडलेली सवय तिथे उपयोगी पडत नाही. म्हणून जहाजातली वाट ही शिकूनच घ्यावी लागते.

शिडांच्या जुन्या जहाजांत हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. एक उघडा डेक, त्याखाली एक-दोन मजले आणि त्याखाली माल, एवढाच सारा संसार. गरीब उतारूंना सुकाणूच्या यंत्रणेलगतची कोंदट जागा मिळे. त्यावरूनच त्यांच्या वर्गाला इंग्रजीत ‘स्टिअरेज’ हे नाव पडले. जागा वाईट होती, हाल फार होते, पण उघड्या डेकावर यायला एक शिडी पुरत असे. पुढे वाफेचे यंत्र आले, लोखंड आणि पोलाद आले, आणि जहाजे उंच होत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अटलांटिक महासागर ओलांडणारी आगबोट म्हणजे पाण्यावर तरंगणारे एक शहरच होऊन बसले. शहर म्हटले की आळ्या आल्या, वेशी आल्या, आणि कोणी कोणत्या वेशीतून जावे याचे नियमही आले.

या शहराचा सर्वांत प्रसिद्ध नकाशा ‘टायटॅनिक’चा आहे. तिची लांबी ८८२ फूट ९ इंच होती. सर्वांत वर होड्यांचा मजला आणि त्याखाली ए, बी, सी, डी, ई, एफ, जी असे अक्षरांनी ओळखले जाणारे सात मजले. त्याच्याही खाली बॉयलर, यंत्रे आणि माल. पहिल्या वर्गासाठी रुंद, नक्षीदार जिना होता, तीन लिफ्ट होत्या, आणि मजल्यांचे छापील नकाशेही होते. दुसऱ्या वर्गाला स्वतंत्र जिना आणि एक लिफ्ट होती. तिसऱ्या वर्गाची वस्ती जहाजाच्या दोन्ही टोकांना विभागलेली होती. एकटे पुरुष पुढे नाळेकडे, तर कुटुंबे आणि एकट्या स्त्रिया पिछाडीला.

दोन टोकांच्या या वस्त्यांना जोडणारा एक लांबलचक बोळ ई मजल्यावर डाव्या बाजूने जात होता. लिव्हरपूलमधल्या एका कष्टकरी वस्तीच्या रस्त्यावरून खलाशांनी त्याला ‘स्कॉटलंड रोड’ असे नाव दिले होते. या बोळाचे महत्त्व समजून घ्यायचे तर जहाजाची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. पाणी एका ठिकाणी शिरले तर सगळीकडे पसरू नये, म्हणून जहाजाचे आडव्या पोलादी भिंतींनी सोळा कप्पे पाडलेले होते. त्यामुळे खालच्या मजल्यांवरून एका कप्प्यातून शेजारच्या कप्प्यात सरळ चालत जाणे बहुतेक ठिकाणी शक्य नव्हते. आधी वर ई मजल्यावर यायचे, बोळातून चालायचे आणि मग पुन्हा खाली उतरायचे. जी भिंत जहाजाला वाचवण्यासाठी होती, तिनेच आतल्या माणसाची वाट वाकडी केली होती.

ही वाट किती वाकडी होती, याची साक्ष एका जाणत्या माणसाने दिलेली आहे. चार्ल्स लाइटोलर हा टायटॅनिकवरचा अधिकारी, मुरलेला दर्यावर्दी. पुढे आपल्या आठवणींत त्याने नमूद केले की, त्या जहाजात एका भागातून दुसऱ्या भागात जवळच्या वाटेने खात्रीपूर्वक जाता यायला त्याला चौदा दिवस लागले. आता हिशेब मांडा. जहाज १० एप्रिल १९१२ रोजी साउथॅम्प्टनहून निघाले. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगावर आदळले. म्हणजे अधिकाऱ्याला जी वाट चौदा दिवसांत समजली, ती उतारूला पाचव्या रात्री, अर्धवट झोपेत, पोर कडेवर घेऊन शोधावी लागणार होती. त्यांतल्या कित्येकांना इंग्रजीचे अक्षरही वाचता येत नव्हते.

त्यातून वाटेत दारे होती. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या उतारूंना इतरांपासून वेगळे ठेवणे भाग होते. रोगराई पसरू नये, हे त्याचे कारण. म्हणून तिसऱ्या वर्गाच्या मोकळ्या जागा आणि वरचे मजले यांच्यामध्ये फाटके बसवलेली होती. सगळ्या, म्हणजे वीसही होड्या वरच्या मजल्यावर होत्या, आणि तो मजला पहिल्या व दुसऱ्या वर्गाचा फिरण्याचा. तिसऱ्या वर्गाचा उतारू एरवी तिथे पाऊल टाकू शकत नव्हता. ज्या वाटेने रोज जाण्यास बंदी, ती वाट प्रलयाच्या रात्री ठाऊक असावी तरी कशी?

त्या रात्री जॉन हार्ट नावाच्या एका सेवकाने काय केले, हे आपण अवश्य ध्यानात ठेवावे. तिसऱ्या वर्गातल्या ५८ उतारूंची जबाबदारी त्याच्याकडे होती. स्त्रिया आणि मुले यांना वर आणा, असा हुकूम येताच त्याने सुमारे तीस जणांना बरोबर घेतले. पिछाडीच्या जिन्याने वर, उघड्या चौकातून पलीकडे, दुसऱ्या वर्गाच्या वाचनालयाजवळून पहिल्या वर्गाच्या हद्दीत, डॉक्टरांच्या खोलीवरून, श्रीमंतांच्या नोकरचाकरांच्या भोजनगृहावरून आणि अखेर मोठ्या जिन्याने होड्यांपर्यंत, अशी ती वाट होती. त्यांना होडीजवळ पोचवून तो माघारी फिरला आणि आणखी सुमारे पंचवीस जणांना त्याच वाटेने घेऊन आला. तिसऱ्या खेपेला त्याला जाता आले नाही. त्याला होडीत बसण्याचा हुकूम झाला. वाट माहीत असलेला एक माणूस, दोन खेपा, आणि पन्नासांवर जीव वरपर्यंत पोचले. तिसऱ्या वर्गात एकंदर सातशेहून अधिक उतारू होते.

रात्री २ वाजून २० मिनिटांनी जहाज बुडाले. ब्रिटिश चौकशीच्या अहवालातले आकडे असे आहेत. पहिल्या वर्गातले ३२५ पैकी २०३ वाचले, दुसऱ्या वर्गातले २८५ पैकी ११८, आणि तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८. म्हणजे शेकडा बासष्ट, एकेचाळीस आणि पंचवीस. पहिल्या वर्गातले एक मूल दगावले, दुसऱ्या वर्गातली सर्व मुले वाचली. तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी फक्त २७ हाती लागली.

चौकशीचे प्रमुख लॉर्ड मर्सी यांनी निष्कर्ष काढला की, तिसऱ्या वर्गाला अन्यायाने वागवले गेले नाही. जहाज सोडून जायला त्यांचे मन होत नव्हते, सामान टाकवत नव्हते, आणि जहाजाच्या टोकांना असलेल्या वस्तीतून त्यांना वर आणणे कठीण गेले, अशी कारणे अहवालात दिली आहेत. या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही उतारूची साक्ष झाली नाही. अमेरिकेच्या सिनेटपुढे मात्र तिघांची झाली. त्यांपैकी डॅनियल बक्ली याने सांगितले की, जिन्याच्या माथ्यावरच्या फाटकाशी एका खलाशाने एका उतारूला खाली लोटले आणि कुलूप लावले. त्या उतारूने चिडून ते फोडले.

आमच्या मते, कोणाच्या मनात दुष्ट हेतू होता की नव्हता, एवढ्यावरच हा वाद संपवू नये. मर्सीसाहेबांचे तिसरे कारण पुन्हा वाचावे. वस्ती टोकांना होती आणि तिथून वर येणे कठीण होते, हे ते स्वतःच म्हणतात. मग ती वस्ती टोकांना नेली कोणी? वाट कठीण केली कोणी? ते काम नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर झाले, जहाज पाण्यात उतरण्याच्या कितीतरी आधी. अन्याय करायला दर वेळी अन्यायी माणूस हजर असावा लागतो असे नाही. तो एकदा भिंतींत बांधून टाकला की, पुढे सज्जन माणसांच्या हातूनही आपोआप घडत राहतो.

या दुर्घटनेनंतर जग जागे झाले खरे. जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर जितकी माणसे तितक्यांना होड्यांत जागा हवी, हे त्यात ठरले. महायुद्धामुळे त्याची अंमलबजावणी अडली. पण पुढे १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ या साली तो नव्याने सिद्ध झाला. होड्यांची गणती झाली. मात्र होडीपर्यंतच्या वाटेचा विचार पुरता व्हायला आणखी एक भयंकर रात्र उजाडावी लागली.

ती रात्र ७ एप्रिल १९९० ची. ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ हे जहाज नॉर्वेतील ऑस्लोहून डेन्मार्कमधील फ्रेडरिक्सहाव्हन येथे चालले होते. या मार्गावर ते नुकतेच रुजू झालेले. त्यामुळे उतारू नवखे होतेच, खलाशीही त्या जहाजाला नवे होते, आणि अनेकांना उतारूंची भाषा येत नव्हती. रात्री आग लागली. होड्या होत्या, समुद्र जवळपास शांत होता, परंतु बोळांत विषारी धूर कोंडला. धूर वर चढतो; दारांवर टांगलेल्या पाट्या सर्वांत आधी त्यातच बुडाल्या. काही माणसे वाट चाचपडत अशा बोळांत शिरली, जिथून पुढे रस्ताच नव्हता. १५९ जीव गेले. त्यांतल्या बहुतेकांना समुद्राच्या पाण्याचा स्पर्शही झालेला नव्हता.

मग १९९२ साली नियम बदलले. धुरात माणूस रांगतो, तेव्हा खूणही जमिनीलगत हवी, ही साधी गोष्ट कायद्यात आली. बोळाच्या फरशीपासून फार तर ३० सेंटिमीटर उंचीवर, सुटकेच्या संपूर्ण वाटेवर, वळणावळणाला आणि जिन्यावर उजळ पट्टी असावी, असे ठरले. नव्या जहाजांत पुढे रस्ता नसलेले बोळ काढण्यास बंदी झाली. यापुढचा धडा १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ मिळाला. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ माणसे मेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंची कवायत अजून व्हायची होती. चोवीस तासांत केव्हाही घ्यावी, अशी तोवर सवलत होती. १ जानेवारी २०१५ पासून ती सवलत गेली. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच प्रत्येक उतारूला त्याची जमण्याची जागा दाखवावीच लागते.

सांप्रत सहलीची जहाजे टायटॅनिकपेक्षा कितीतरी मोठी झाली आहेत. २०२४ साली निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ वीस मजल्यांचे आहे आणि त्यात सुमारे साडेसात हजार उतारू मावतात. आपल्यापैकी पुष्कळ जण आता अशा सहलींना जातात, तेव्हा दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या तर वावगे होणार नाही. मजल्यांना आता बहुधा आकडे असतात आणि ते खालून वर मोजतात. खोलीच्या क्रमांकातले पहिले आकडे मजल्याचे असतात. अनेक जहाजांवर तेरावा मजलाच नसतो. बारावरून एकदम चौदा! कित्येकांवर सम क्रमांकांच्या खोल्या डाव्या हाताला आणि विषम उजव्या हाताला असतात. काही जहाजांवर गालिच्यावर मासे विणलेले असतात आणि त्या सर्वांची तोंडे नाळेकडे असतात. हे सगळे गमतीचे आहे. गमतीचे नाही ते एवढेच : खोलीत सामान टाकल्याबरोबर एकदा जिन्याने आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत चालत जावे, वाटेतली दारे मोजावी, आणि सात लहान व एक लांब भोंगा वाजला तर लिफ्टकडे वळू नये.

आजही काही जहाजांवर जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी वेगळे भोजनगृह, वेगळा तलाव आणि कुलूपबंद दालन असते. त्याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही. ज्याला रेशमी गादी हवी, त्याने ती विकत घ्यावी. परंतु वर जाणारी वाट ही विकण्याची वस्तू नव्हे. ती सर्वांची सामाईक असली पाहिजे, सर्वांना वाचता आली पाहिजे आणि अंधारात, धुरात, गुडघ्यांवर रांगतानाही सापडली पाहिजे. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १९१२ पासून १९९२ पर्यंत ऐंशी वर्षे लागली.

आणि हे केवळ जहाजालाच लागू आहे काय? आपल्या गावातली नाट्यगृहे, शाळा, रुग्णालये, उंच उंच इमारती यांच्या जिन्यांवर काय रचून ठेवलेले आहे, मागच्या दाराची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे येथून घरी जाताना ज्याने त्याने पाहून घ्यावे.